गंगीच्या अंथरुणावरचा पाला

तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला टाकताना त्या कडवट वासानं अजूनही माझा हात थांबतो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. वऱ्हाडातल्या आमच्या रिठद गावी धाकट्या बहिणीला, गंगीला देवी आल्या, तेव्हा तिच्या अंथरुणावर हाच पाला होता. मी बारा वर्षांची होते.

बाबा महानुभाव पंथाचे, दुसऱ्या देवापुढे त्यांनी कधी मान झुकवली नाही. आईची भक्ती गावच्या मातामायवर; देवी आल्या की तिचा कोप निवावा म्हणून बायका तिच्या दगडांवर पाणी घालत. पण बाबा तिला तिथं पाणी घालायला जाऊ देईनात. चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी विहिरीवर निघाले, तर मातामायच्या शेंदरी दगडांवर बाबाच पाणी घालत होते, ओल्या धोतरानं. मला पाहून ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको."

घरी आले, तर आई गंगीच्या उशाशी बाबांची माळ ओढत त्यांच्या देवाचं नाव घेत होती. दचकून म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नको, बाई."

दिवस मावळायच्या आत गंगी गेली.

मग ते दोघं मरेपर्यंत एकमेकांच्या देवाला दोष देत राहिले, आणि मी शहाण्यासारखी दोघांना दिलेला शब्द पाळत राहिले.