डब्याच्या सुट्टीतला आडोसा

सुनंदा मॅडम गेल्या, आणि माझ्याकडं त्यांच्यासोबतचा एकही फोटो नाही.

कारण मी फोटोत यायचेच नाही.

आठवीत वरच्या ओठावर पांढरा डाग आला. तेव्हापासून स्कार्फ. धारूरहून केजला येताना जीपमध्ये सगळ्याच मुली तोंड बांधायच्या, उतरल्यावर सोडायच्या. मी वर्गातही सोडायचे नाही.

घरी वडील म्हणायचे, "डाग पसरायच्या आत हिचं उरकून टाकू."

नववीत शाळेत एक सर्व्हे आला. स्वतःच्या दिसण्याचा किती त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, खूप.

आम्हाला वाटलं परीक्षाच आहे. सगळ्यांनी पहिल्या नंबरवालीच्या पेपरात बघून टिक केलं. अख्खा वर्ग 'अजिबात नाही'.

मीपण.

मॅडमनी तो गठ्ठा चाळला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत व्हरांड्यात फिरायला लागल्या. कोण जेवतंय, कोण नाही, एवढंच बघायच्या.

मी जेवायचे नाही. जेवायचं तर स्कार्फ सोडावा लागतो. चक्कर यायची. शाळा सोडायचं मी मनात पक्कं केलं होतं.

'तू छान दिसतेस' वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. मला भिंतीशी बसवलं आणि स्वतः सगळ्यांकडं पाठ करून माझ्यासमोर बसल्या.

"मी आडोसा धरते. जेव तू."

स्कार्फ सोडला. भाकरी खाताना रडले. त्या आपल्या डब्यात बघून जेवत राहिल्या.

मग रोज तोच प्रश्न.

"आज जरा सरकू का?"

"न्हाई मॅडम."

कधी मी म्हणायचे, थोडं. तेवढंच सरकायच्या. कुणी हसलं की दुसऱ्या दिवशी परत पहिल्या जागी. माझं किती दुखतंय हे त्यांनी असं मोजलं.

वडलांना शाळेत बोलावून लग्नाचं त्यांनीच थांबवलं.

पण दहावी संपेपर्यंत मी त्यांना पूर्ण बाजूला होऊ दिलं नाही. पुढं कॉलेज झालं, नोकरी लागली. डीपीवर अजून फूलच आहे.

आज शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकला. व्हरांडा, आणि भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या मॅडम. वर्गातल्या एकानं खाली लिहिलं, "मॅडम एकट्याच जेवायच्या का बे?"

एकट्या नव्हत्या.

त्यांच्या पलीकडं मी आहे.

मॅडम, रोज विचारायचात. आज न विचारताच सरकलात.

लई उघडं उघडं वाटतंय.

शेवटचा नमस्कार, मॅडम.