पंचाच्या डोक्यावरची हॅट

फेब्रुवारीत ॲन आर्बरला कुणी हौसेनं येत नाही. त्यामुळे फोनवर एक अनोळखी मुलगी जेव्हा म्हणाली, "काका, मी गुरुवारी तिकडे येतेय, कॉन्फरन्स आहे, तुम्हाला भेटू शकते का?" तेव्हा मला वाटलं, इथल्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी माणसं गोळा करत असणार. मी नकाराच्या तयारीत होतो. मग तिनं वडिलांचं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडून "ये" कधी निघून गेलं ते मलाच कळलं नाही.

तिचा बाप माझा रूममेट. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं इथे शिकायला आलो आणि एका खोलीत दीड वर्ष राहिलो. तो सोलापूरचा, मी पुण्याचा. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, पीएच.डी.च्या क्वालिफाइंग परीक्षेच्या आदल्या दिवशी तो परत गेला, तो गेलाच. पुढे आयुष्यभर त्यानं सोलापुरात ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. मी इथे गाड्यांच्या कंपनीत नोकरी केली, निवृत्त झालो, बायको गेली, आणि आता दारातला बर्फ काढायला माणूस लावावा लागतो. तो दिवाळीनंतर वारला. बातमी ग्रुपवर आली, सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, मीही टाकलं. एवढंच केलं मी त्याच्यासाठी.

त्याला बॉक्सिंगचं वेड होतं. स्वतः तो झुरळ मारायलाही मला हाक मारायचा, त्यामुळे हे वेड सगळं कागदावरचं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म होती. शनिवारी दुपारी हा तिथे जाऊन रिळं फिरवत बसायचा. एकाच लढतीच्या मागे लागला होता. हेवीवेट जगज्जेतेपदाची, अगदी सुरुवातीच्या काळातली लढत. उघड्या मैदानावर लाकडी बाकं ठोकून केलेली जागा, भर दुपारचं ऊन. आव्हान देणारा एक खाणकामगार होता. नऊ फेऱ्या तो जगज्जेत्यासमोर उभा राहिला. दहाव्या फेरीची घंटा झाली आणि तो आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठलाच नाही. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पेपरांनी एकच लिहिलं: त्यानं मान हलवली, जगज्जेत्याकडे बघायचं टाळलं आणि बसून राहिला. भ्याला. नंतर तो माणूस कितीही वर्षं जगला असेल, लोकांच्या लेखी तो त्या स्टुलावरच बसलेला होता.

माझा मित्र म्हणायचा, हे पटत नाही. नऊ फेऱ्या मार खाल्लेला माणूस दहावीला कशाला घाबरेल? मी म्हणायचो, इतके लोक उगाच कशाला लिहितील? वाद घालायला मला बॉक्सिंगमधलं काही कळायची गरज नव्हती. तो अभ्यासात माझ्या पुढे होता आणि कुठेतरी त्याला खोटं पाडायला मिळतंय याचंच मला बरं वाटायचं. भात आम्ही एका पातेल्यात शिजवायचो, आणि या वादापायी तो हमखास खाली लागायचा.

गुरुवारी दुपारी ती आली. चाळिशीच्या आतली, बापासारखंच मोठं कपाळ. बूट दाराबाहेर काढायला लागली, तेव्हा मी म्हटलं, आत काढ, बाहेर गोठतील. दक्षिणेत कॅरी नावाच्या गावात औषधांच्या कंपनीत ती आकडेवारीचं काम करते. मी चहा ठेवला. तिनं बॅगेतून एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली.

"बाबांनी मागच्या वर्षी दिली होती. म्हणाले, कधी ॲन आर्बरला गेलीस तर काकांना दे. मी उघडून बघितली, सगळं बॉक्सिंगचं आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

मी फाइलला हात लावला नाही. चहा गाळला. तिनं कप हातात घेतला आणि ज्यासाठी आली होती ते विचारलं.

"काका, बाबा इथून का परत गेले?"

"त्यानं सांगितलं नाही?"

"कधीच नाही. पण इथे आल्यापासून मी सगळ्यांना विचारलंय. आयसेलिनला एक काका आहेत, कॅरीत दोघं आहेत, एक मावशी टेक्ससला. सगळे एक्झॅक्टली सेम सांगतात. परीक्षेला घाबरून पळाले. गॅसवर कुकर तसाच ठेवून गेले, इथे शिट्ट्या होतायत आणि बाबा एअरपोर्टवर." ती थोडं हसली. "सगळ्यांनी कुकरचं सांगितलं. म्हणजे खरंच असणार ना? इतके लोक उगाच कशाला सांगतील?"

माझं वाक्य मलाच परत मिळालं. वेळ काढायचा म्हणून मी फाइल ओढून घेतली आणि चष्मा पुसत बसलो.

वरची पानं ओळखीची होती, लायब्ररीतल्या त्या काळच्या काळपट फोटोकॉपी. खालची नवीन होती. आता जुने पेपर कॉम्प्युटरवर मिळतात, म्हणजे पठ्ठ्यानं सोलापुरात बसून हा उद्योग चालूच ठेवला होता. दहाबारा वेगवेगळ्या शहरांचे पेपर. प्रत्येकात एकाच जागी त्यानं लाल पेनानं रेघ मारली होती: पंचाच्या डोक्यावर गवती हॅट होती. ऊन फार म्हणून पंचानं हॅट घातली होती, असं प्रत्येक पेपर सांगत होता. त्याच्याखाली लढतीचा एक फोटो होता. त्यात पंच बोडका. टक्कल उन्हात चकाकतंय.

म्हणजे दहाबारा माणसांनी ती लढत पाहिलीच नव्हती. एकानं तारेनं मजकूर पाठवला, हॅटसकट, आणि बाकीच्यांनी तो आपापल्या परीनं तिखटमीठ लावून छापला. सगळ्यात शेवटी एका खेड्यातल्या पेपरचं पान होतं. त्यांचा स्वतःचा माणूस तिथे बसला होता. त्याच्या वृत्तांतात हॅट नव्हती. त्यानं लिहिलं होतं की आव्हानवीराचा डावा डोळा पूर्ण मिटला होता, तो दोनदा उठायला गेला आणि त्याच्याच माणसांनी खांदे दाबून त्याला खाली बसवलं. समासात माझ्या मित्राचं बारीक अक्षर होतं. बाकी सगळे मिळून साक्षीदार एकच, असं त्यानं लिहिलं होतं.

आमच्या खोलीत कुकर नव्हता. कधीच नव्हता.

त्या जानेवारीत दुपारी हॉलमधल्या फोनवर त्याला घरून फोन आला. तो परत खोलीत आला तेव्हा ओठ पांढरे झाले होते. म्हणाला, आईनं विहिरीत उडी घेतली, वाचली आहे, पण वडील म्हणतात, तिला एकटं ठेवता येत नाही. मग माझा हात धरला. कुणाला सांगू नकोस, बहिणीचं लग्न ठरत आलंय. मी त्याची बॅग भरायला मदत केली. विमानतळावर मीच सोडलं, कुणाची तरी गाडी मागून आणून. वाटेत तो एकदा म्हणाला, परीक्षा उन्हाळ्यात परत असते. मी म्हटलं, असते ना.

पुढच्याच आठवड्यात डेट्रॉइटला एका घरी संक्रांतीचं जेवण होतं. सगळे मलाच विचारत होते, तुझा पार्टनर कुठे गायब झाला? मी शब्द दिला होता. घरी अडचण आहे, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण माझी परीक्षा कशीबशी झाली होती, आणि तो, जो सहज पास झाला असता, तो नव्हता. मी म्हटलं, शेपूट घालून पळाला. लोक हसले. मग मी कुकर घातला. शिट्ट्या वाजवून दाखवल्या. लोकांची हसून मुरकुंडी वळली. या देशात आल्यापासून माझ्या बोलण्याला कुणी इतकं हसलं नव्हतं. ती गोष्ट पुढे मी कितीदा सांगितली याला गणती नाही. बायकोलाही तीच सांगितली. ती गेली तेव्हाही तिला खरं ठाऊक नव्हतं. मी स्वतःला सांगत आलो की मी मित्राचं गुपित राखलं. लाज वाटते लिहायला, पण वर्षानुवर्षं मला या गोष्टीचा अभिमानसुद्धा वाटत होता.

"काका?" ती म्हणाली. "सांगा ना. मला राग येणार नाही. बाबा तसे घाबरटच होते. कधी कुठे मुक्कामाला राहिले नाहीत. माझं कॉलेज पुण्याला, तिथे सुद्धा सकाळी यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माझ्या मैत्रिणी हसायच्या."

"आजी होती तुमच्याकडे?"

"होती ना. मी बारावीत असताना गेली. त्यानंतर पण सवय सुटली नाही त्यांची." तिनं कप खाली ठेवला. "मागच्या वर्षी सुट्टीला गेले तेव्हा आमचं भांडण झालं. मी इथला जॉब सोडायचा विचार करत होते, तर ते म्हणाले, घाई करू नकोस, टिकून राहा. मी म्हटलं, तुम्ही मला सांगताय? तुम्ही तर कुकर गॅसवर ठेवून पळून आलात."

"मग?"

"आधी त्यांना कळलंच नाही. कुकर? असं दोनदा विचारलं. मग हसले. म्हणाले, हो गं, पळून आलो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दुसऱ्या दिवशी ही फाइल दिली मला."

त्या खोलीत आम्ही दोघंच राहत होतो. कुकर कुणी आणला हे त्याला हसायच्या आधीच समजलं असणार. माझा नंबर त्याच्याकडे होता, त्यानं फोन केला नाही. मुलीपुढे कुकरच्या बाबतीत माझं नाव घेतलं नाही. आईचं झाकायला पुन्हा एकदा "हो" म्हणाला आणि मला फाइल पाठवून दिली.

मी तिला सांगितलं. आधी कुकरचं सांगितलं, कारण ते जास्त अवघड होतं. तुला भेटलेली सगळी माणसं त्यांनी जे ऐकलं तेच सांगत होती, आणि त्या सगळ्यांनी ते एकट्या माझ्याकडून ऐकलं, असं म्हणालो. मग फोनचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, त्यानं माझा हात धरला होता तेही. बोलताना माझा आवाज सरळ होता. मला वाटत होतं की तो फुटेल, पण फुटला नाही, आणि त्याचीही मला लाज वाटली.

ती अगदी हळू म्हणाली, "आजीच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. बाबांनी काढून टाकली होती. मला वाटायचं, तुटलीय."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली. त्यात हो होतं की नाही, मला कळलं नाही. चहा निम्मा तसाच होता. ती उठली, कोट घातला, दाराशी बसून बूट चढवले. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाली, नको, संध्याकाळी सेशन आहे.

बूट झाल्यावर ती तशीच पायपुसण्यावर उभी राहिली. पाय पुढे न टाकता तिनं टेबलाकडे हात केला.

"काका, ती फाइल देता? मी परत नेते. आता वाचायचीय मला."

मी पानं सारखी करून, पंचाचा बोडका फोटो आत सरकवून, फाइल तिच्या हातात दिली. बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती, असं ती म्हणाली नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. तिनं "येते" म्हटलं.

मी "हो" म्हणालो.