धुलाईघरातलं कोमट पाणी

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात तिची बावीस वर्षं गेली. उजवा खांदा केव्हाच कामातून गेला होता. सगळे तिला मावशी म्हणत. तिची सख्खी भाची वरच्या मजल्यावर रक्त तपासायची, तीही.

त्या वर्षी नवी पावडर आली आणि डाग जायचेच बंद झाले. शस्त्रक्रियेच्या चादरी धुऊन निघाल्या तरी तपकिरी डाग तसेच. मुकादम रोज डाफरायचा, "पाणी खळखळ उकळू दे! हात चालवा जरा!" मावशी घासायची. घासून घासून बोटांची सालं निघाली.

जेवणाच्या सुट्टीत भाचीने ते हात पाहिले. "मावशी, पावडर उकळत्या पाण्यात टाकतेस?"

"मग काय बर्फात टाकू?"

"अगं, त्यात एन्झाइम असतात. म्हणजे प्रथिनंच, पण विशिष्ट घडीची. त्या घडीत एक खाच असते. डागातलं प्रथिन खाचेत बसलं की त्याचे तुकडे होतात, पाण्याबरोबर जातात. एन्झाइम तसाच्या तसा उरतो, लगेच दुसरं धरतो. पण उकळलं की घडी विस्कटते, मग खाच कुठली? अंड्याचं पांढरं शिजल्यावर पुन्हा पातळ होतं का? डागातलं रक्तही तसंच शिजून कापडाला चिकटतं."

"म्हणजे बाई, महिनाभर मी डाग शिजवत होते!"

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला न विचारता एक हौद कोमट पाण्याने भरला, पावडर टाकली, चादरी बुडवल्या. पाऊण तास काहीच करायचं नव्हतं. ती बादली पालथी घालून बसली. कामाच्या वेळेत बसायची सवयच नव्हती. पाय आपोआप उठू पाहत होते. मग डाग सुटलेल्या चादरी जंतू मरायला नेहमीसारख्या उकळत्या पाण्यातून काढल्या. पांढऱ्याशुभ्र.

मुकादमाने चादर उलटसुलट करून पाहिली. आठवड्याने भिंतीवर त्याच्या सहीची सूचना लागली: रक्ताचे कपडे आधी कोमट पाण्यात भिजवणे. खाली आणखी एक ओळ होती: भिजवण्याच्या वेळात कोरड्या कपड्यांच्या घड्या घालणे.

भाची भडकली. "वर जाऊन साहेबांना सांग ना, हे तू केलंस म्हणून!"

मावशी खांदा चोळत म्हणाली, "सांगितलं असतं गं. पण तीन जिने चढायचे कोणी?"