चौदाव्या मजल्यावरची अमेरिका

अमेरिकेची निवडणूक अमेरिकेत होते, असा पुष्कळांचा समज आहे. नव्वदच्या दशकात तरी ती सिंगापूरला, ईस्ट कोस्टवरच्या आमच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर होत असे. ती चालवणारे गृहस्थ अर्धं आयुष्य बोटीवर चीफ इंजिनिअर होते आणि नंतर तांजोंग पगारच्या एका शिपिंग कंपनीत बसून दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं सांभाळत. सगळे त्यांना चीफसाहेब म्हणत. तुम्हां दोघा नातवंडांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून त्यांच्याविषयी लिहून ठेवते.

लोकांच्या घरी जेवणाच्या टेबलामागे मुलाबाळांचे फोटो असतात. यांच्याकडे अमेरिकेचा नकाशा होता आणि प्रत्येक राज्यावर पेन्सिलीने एक आकडा. पाहुण्याने चिवड्याची बशी हातात घेतली की साहेब लाकडी पट्टी हातात घेत. अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्षाला सरळ निवडून देत नाहीत, लोक आपलं राज्य जिंकून देतात. मोठ्या राज्याला जास्त मतं, छोट्याला कमी, आणि सगळी मिळून ज्याची दोनशे सत्तर होतील तो जिंकला, हे मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं की अजूनही चिवडा खाताना मला तो आकडा आठवतो. तिथे आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते हे सांगताना ते म्हणत, "वहिनी, ते लोक आधी आपसात भांडून घेतात आणि मग एकजुटीने दुसऱ्याशी भांडतात. आपण नेमकं उलट करतो." एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या चिनी अंकलना त्यांनी पाऊण तास नकाशासमोर उभं केलं. अंकलनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड सिस्टम, लाह. बट युवर पाइप स्टिल लीकिंग."

आमच्या गणपतीच्या समितीची अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा साहेब आपण होऊन निवडणूक अधिकारी झाले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडच्या क्लेमेंटीच्या एक बाई. साहेबांनी सिंगापूरची तीन राज्यं केली: पूर्वेला पाच मतं, पश्चिमेला चार, उत्तरेला तीन. ज्या राज्यात ज्याची सरशी, त्याला त्या राज्याची सगळी मतं. ईस्ट कोस्टच्या झाडून सगळ्या घरांनी मला मत दिलं. एकूण माणसं मोजली तर माझी बेचाळीस आणि त्या बाईंची सव्वीस. मी हरले. पश्चिम आणि उत्तर थोडक्यात त्यांच्याकडे गेली होती. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. असा निकाल फार क्वचित बघायला मिळतो, म्हणाले. तुमचे आजोबा महिनाभर त्यांच्याशी फक्त हवापाण्याविषयी बोलत होते. क्लेमेंटीच्या बाईंनी मोदक मात्र चांगले केले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की साहेबांनी स्वतः मत दिलेलं नाही. अधिकाऱ्याने द्यायचं नसतं, म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांनी कधीच दिलेलं नाही हो. एकदासुद्धा."

खरंच होतं ते. भारतात निवडणूक लागली की साहेब कुठल्यातरी समुद्रात असत, आणि बोटीवरच्या माणसाला टपालाने मत देण्याची सोय नव्हती. सिंगापुरात आम्ही परदेशी. एका नोव्हेंबरात, नेमकी मतदानाच्या दिवशी, त्यांची बोट अमेरिकेत बाल्टिमोरला लागली होती. धक्क्याबाहेर अग्निशामक दलाच्या इमारतीसमोर भुरभुर पावसात मत द्यायला आलेल्यांची लांब रांग होती आणि तिच्यात सकाळी त्यांच्याच बोटीचा माल उतरवणारा क्रेनवाला उभा होता, केस विंचरून. साहेब फुटपाथवरून तासभर ती रांग बघत राहिले. नकाशा त्यानंतर आला.

त्यांची एकुलती एक मुलगी न्यूयॉर्क राज्यात राहायची. शहाण्णव साली ती अमेरिकन नागरिक झाली आणि साहेबांना वाटलं, आता घरातलं कोणीतरी एकदा मत देणार. नाव नोंदवण्याची मुदत तिला ठाऊक नव्हती, पण त्यांना पाठ होती. त्यांची पत्रं, फोन, पुन्हा पत्रं, असं झाल्यावर तिने नाव नोंदवलं. मग निवडणुकीच्या आदल्या रविवारी तिचा फोन आला. मी तेव्हा तिथेच होते. ती म्हणत होती की आमचं राज्य कुणीकडे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, माझ्या एका मताने काही बदलणार नाही, आणि त्या दिवशी ऑफिसात फार काम आहे. वर म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच तर मला शिकवलंत."

शिकवलं होतंच. साहेब नकाशाकडे बघत राहिले. न्यूयॉर्कवर त्यांनीच सहा महिन्यांपूर्वी पक्की खूण करून ठेवली होती. शेवटी ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. निकालासाठी जाऊ नकोस. मला रांगेत उभं राहता आलं नाही, माझ्याऐवजी उभी राहून ये."

तिकडच्या मंगळवारची संध्याकाळ म्हणजे आमची बुधवारची सकाळ. साहेबांनी दर चार वर्षांप्रमाणे रजा घेतली होती, सौभाग्यवतींनी शिरा केला होता, टीव्ही लावलेला होता, पण साहेब फोनजवळच्या खुर्चीत टीव्हीकडे पाठ करून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. आठ वाजून गेले. शिरा गार झाला. साडेआठला फोन वाजला.

कोणाला मत दिलंस हे त्यांनी विचारलं नाही. ते गुप्त असतं. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, यादीत नाव कोणी शोधलं, एवढंच विचारलं. मतदान यंत्राला मोठा दांडा असतो, तो ओढला की पडदा बंद होतो, मत देऊन उलटा ओढला की मत नोंदतं आणि पडदा उघडतो, असं तिने सांगितल्यावर साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "दांडा जड होता?" त्यांनी विचारलं. "आवाज कसा झाला?" तिने बहुधा तो तोंडाने काढून दाखवला, कारण ते डोळे मिटून ऐकत होते. मग बोटीवर ठेवत तशा नोंदवहीत त्यांनी लिहिलं: रांगेत चाळीस मिनिटं. पुढे एक परिचारिका, मागे म्हातारं जोडपं. हवा थंड, आभाळ मोकळं. मतदान झालं. त्या दिवशी निकालाचे रंग नकाशावर भरायचे राहूनच गेले.

पुढे ते नाशिकला परतले. परतल्याबरोबर मतदार यादीत नाव घातलं, तसं मला कळवलंही. निवडणूक लागायच्या आत ते गेले.

यंदा तिकडे अमेरिकेत तुम्ही दोघंही अठरा वर्षांचे झालात. तुमचं राज्य कुणीकडे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, असं तुमची आई परवा सांगत होती. असेल. कोणाला मत दिलंत ते मला सांगू नका. रांगेत तुमच्या पुढे कोण होतं आणि मागे कोण, तेवढं मात्र लिहून पाठवा.