गणिताचं वजन

कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाईंना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे प्रवेशताईच म्हणत. उभी हयात त्यांनी गुणांच्या आकड्यांत काढली, पण आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. चढवायचं काम पालक करत. ताई त्यांना ग्लासभर पाणी देत आणि पंख्याखाली बसवत.

प्रवेश परीक्षेचे भाग दोन, गणित आणि भाषा. पालक दोन्हींची बेरीज पाठ करून येत, आणि ताई त्या बेरजेकडे ढुंकूनही बघत नसत. यंत्रशाखेसाठी गणिताचे गुण दुप्पट धरायचे, भाषेचे आहेत तेवढेच, असा तिथला नियम. ऑफिसात याला सरळ 'वजन' म्हणायचे.

एक चष्मेवाला तावातावाने आला. कच्च्या यादीत त्याच्या मुलीला यंत्रशाखा मिळाली नव्हती, आणि शेजारच्या मुलाला कमी बेरजेवर मिळाली होती. टेबलावर फायलींचा डोंगर, त्यात फोन वाजलेला, ताईंनी आपल्या कामाच्या भाषेत एका वाक्यात सांगून टाकलं, "तुमचं वजन कमी पडलं." तो मान डोलावून निमूट गेला. इतक्या पटकन समजणारा पालक ताईंनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मेहुण्यांना घेऊन हजर. मागे मुलगी, मान खाली. मेहुणे अंगापिंडाने भरभक्कम. कुठल्या साहेबांशी आपलं घरचं येणंजाणं आहे, हे ते ऐसपैस सांगू लागले. ताईंच्या डोक्यात जरा उशिराच प्रकाश पडला. हसू आवरत त्या म्हणाल्या, "अहो, वजन ओळखीचं नव्हे, गुणांचं!" हसल्या खऱ्या, पण मनातून ओशाळल्याही. त्यांच्या अर्धवट बोलण्यापायी या माणसाला कुणाच्या तरी दारात जावं लागलं होतं.

मग त्यांनी कागद ओढला आणि गणित दुप्पट करून दाखवलं. आता चष्मेवाल्याला खरंच कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. यादी संध्याकाळी पक्की होणार होती. ताईंनी कालच विचारायला हवं होतं ते आता थेट मुलीला विचारलं, परीक्षा एकदाच दिली होतीस का?

"एकदाच," वडील घाईने म्हणाले.

"दोनदा," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा भाषेत आपटले. गणित मात्र छान गेलं होतं."

बेरीज लाजिरवाणी म्हणून वडिलांनी तो निकाल अर्जाला जोडलाच नव्हता. ताईंनी तो मुलीच्या फोनवरच पाहिला. त्यांचं कॉलेज दोन्ही खेपांमधले प्रत्येक भागाचे चांगले गुण उचलायचं. पहिल्या खेपेचं गणित, दुसऱ्या खेपेची भाषा. आकडेमोड संपायच्या आधीच ताईंना खात्री पटली होती.

"बसतेय यंत्रशाखेत. अगदी आरामात," त्या म्हणाल्या.

आपण आलो म्हणून काम झालं, असं मेहुण्यांनी लगेच जाहीर केलं.

चष्मेवाला फोनवरच्या त्या निकालाकडे बघत राहिला. "याच्यावरून मी हिच्याशी बोलणं टाकलं होतं," तो म्हणाला. "अजून नीट बोलत नाही."

"मग आता बोला की," ताई म्हणाल्या.

त्याने दोनदा घसा खाकरला.

"सकाळपासून काही खाल्लंस का गं?" त्याने विचारलं, आणि मुलीला रडू फुटलं.