मामांची अकरा माणसं

माझ्या बायकोच्या मामांइतका अपयशी धर्मसेवक उभ्या पालघर जिल्ह्यात झाला नसेल. चर्चपासून दुरावलेल्या माणसांना परत आणायचं काम आमच्या कमिटीनं त्यांच्यावर सोपवलं, आणि पुढच्या सहा वर्षांत मामांनी एकही माणूस परत आणला नाही. उलट त्यांच्यामुळे रविवारची मिस्सा चुकवणारे दोघे-तिघे वाढलेच. कारण कुणाची तरी म्हैस नेमकी रविवारी सकाळी विताना अडायची आणि तिला धरायला लागणारी दणकट माणसं मामा चर्चच्या दारातूनच उचलून न्यायचे. फादर वेदीवरून बघत राहायचे आणि मागचा बाक रिकामा व्हायचा.

मामा तलासरीच्या बाजूला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. खरे डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे, मामा मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे कैनाडपासून पार गुजरातच्या हद्दीपर्यंत पाड्यापाड्यावर डॉक्टर म्हणजे तेच. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचं. जनावरांचं थर्मामीटर कुठे लावतात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्याकडे पेन कुणी मागत नसे.

दुरावलेल्या माणसाकडे जायची त्यांची एक पद्धत होती. ते आधी गोठ्यात जायचे. बकरीचे दात बघायचे, कोंबड्यांच्या पापण्या उलटून बघायचे, बैलाच्या खुरात रुतलेला खडा काढायचे. मग ओट्यावर बसून कोरा चहा घ्यायचे आणि तासभर बोलायचे ते फक्त जंतांच्या औषधाबद्दल. चर्च, देव, प्रार्थना हे शब्द त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. उठताना 'बरंय' म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे. त्यांच्या हिशेबी धर्मप्रसार झालेला असायचा. ही अशी कसली भेट, असं एकदा मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, त्याला ठाऊक असतं मी का आलोय. मलाही ठाऊक असतं. मग दोघांनी कशाला लाजायचं?"

बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीबद्दलही त्यांच्या मनात एक तक्रार होती. आमच्या भागात मेंढरं नाहीत, बकऱ्या आहेत. मेंढरू घाबरून हरवतं, त्यामुळे मेंढपाळ आला की मुकाट्यानं त्याच्या खांद्यावर बसतं. बकरी आपल्या मर्जीनं जाते आणि आपल्या मर्जीनं येते. तिला उचलायला गेलं तर शिंगं खावी लागतात. आणि शेवटच्या दिवशी देव मेंढरं उजवीकडे आणि बकऱ्या डावीकडे, म्हणजे नरकाच्या बाजूला, उभ्या करणार, हा भाग वाचून झाला की मामांचा चेहरा पडायचा. तेवढ्या बाबतीत आपलं देवाशी जमत नाही, असं ते खुद्द फादरांनाच सांगून आले होते.

मामांच्या यादीत अकरा जणं होती, आणि त्यात सातव्या नंबरावर मी. माझं भरकटणं फार तात्त्विक नव्हतं. डहाणूत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, आठवडाभर उभं राहून पाय दुखतात, रविवारी उठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. वडिलांच्या आजारपणात मी पाच महिने रोज गुडघे टेकले होते आणि तरी ते गेले, हे मी कुणालाच सांगत नसे. मामांनी कधी विचारलंही नाही. पण माझ्यापाशी त्यांची मोठी पंचाईत व्हायची, कारण आमच्या घरात जनावर नाही. दोन-तीन वेळा त्यांनी आमच्या जिन्यात बसणाऱ्या मांजराची तब्येत बघितली. त्या मांजरानं त्यांच्या हातावर चार ओरखडे काढले, तेव्हा पुढच्या खेपेला ते टोपलीतून दोन कोंबड्या घेऊन आले आणि म्हणाले, "पाळा. चांगल्या जातीच्या आहेत." दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी सहा वर्षं कोंबड्या पाळल्या, त्या केवळ बायकोच्या मामांना माझ्याकडे यायला निमित्त असावं म्हणून. सोसायटीतल्या लोकांचं माझ्याबद्दल काय मत झालं ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या कमिटीचे सचिव मात्र कामाचे गृहस्थ होते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढल्यामुळे स्वर्गातही मस्टर असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मिस्सेच्या वेळी सगळे डोळे मिटायचे तेव्हा सचिव हजेरी घ्यायचे. शेवटी एका सभेत त्यांनी ठराव मांडला, की वर्षभर जे चर्चला आले नाहीत त्यांची नावं चर्चच्या यादीतून कमी करावीत आणि अशांना दफनभूमीत जागा देऊ नये. आधीच जागा कमी आहे आणि ती हजर राहणाऱ्यांना पुरली पाहिजे. नवे फादर तरुण होते आणि सचिवांना थोडे वचकून असत. ठराव पास झाला. मामा सभेला होते, पण विरोध करायच्या वेळी ते बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत होते. याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

कमी झालेल्या नावांत पहिलं नाव लाहानूचं होतं. कैनाडच्या आतल्या पाड्यावर त्याची थोडी भातशेती. नवराबायको दोघांचा बाप्तिस्मा झालेला, भाऊबंद सगळे गावदेवीला मानणारे. एका पावसाळ्यात त्याचा बैल बसला तो उठेना. मामांनी तीन दिवस जाऊन इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी लाहानूनं घाबरून भावांच्या सांगण्यावरून गावदेवीला नारळ कबूल केला, आणि चौथ्या दिवशी बैल उठला. कबूल केलेला नारळ त्यानं फोडला आणि मनगटावर धागा बांधून घेतला. त्या रविवारी तो धागा सचिवांच्या नजरेस पडला, आणि मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी त्याला विचारलं, तुझे देव तरी किती रे? लाहानू खाली मान घालून घरी गेला तो पुन्हा आला नाही. त्याची बायको मार्था त्याला सोडून एकटी येईना. ती घरीच जपमाळ घेऊन रोझरी म्हणायची आणि तो तेवढा वेळ बाहेर खाटेवर बसून राहायचा.

मामांना मी म्हटलं, अहो, बैल तुमच्या इंजेक्शनानं उठला, ते तरी त्याला सांगा. मामा म्हणाले, "बैल उठला ना? मग मान कुणाला का मिळेना." आणि पुढची चार वर्षं ते दर पंधरवड्याला त्या बैलाची तब्येत बघायला जात राहिले. इतका निरोगी बैल इतक्या वेळा तपासला गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मार्थाला कावीळ झाली आणि आठवड्यात ती गेली. सकाळी लाहानू चालत चर्चच्या फाटकापर्यंत आला. आत आला नाही. सचिव बाहेर आले, त्यांनी ठराव समजावून सांगितला. मार्थाचंही नाव यादीत नाही, त्यामुळे जागा नाही. त्यांचाही आवाज थोडा अडखळला म्हणतात, पण ठराव तो ठराव. लाहानूनं वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, "तिची इच्छा इथंच यायची होती. मी नाय येत आत. भायेर उभा राहतो."

मामांना हे कळलं तेव्हा ते फादरांकडे गेले. मामी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मामी गेली त्याच दिवशी तिच्या शेजारची जागा मामांनी स्वतःसाठी मागून घेतली होती, आणि रजिस्टरात तशी नोंदही होती. ती जागा मी मार्थाला देतो, असं त्यांनी सांगितलं. तिथेच बसलेले सचिव म्हणाले, अशी जागा बदलून देता येत नाही, आणि उद्या तुमचं काय? फादरांनी रजिस्टर ओढून ती नोंद काढली. मग म्हणाले, "जागा डॉक्टरांची आहे. त्यांनी ती कुणाला द्यावी, हे आपण कसं ठरवायचं?" ते वाक्य त्यांनी सचिवांच्या तोंडावर म्हटलं, असं मामांनी मला नंतर अगदी कौतुकानं सांगितलं.

पण खड्डा खणणारा माणूस सचिवांच्या सांगण्याबाहेर जाईना. दुपारी बायकोचा मला दुकानावर फोन आला, मामा दफनभूमीत एकटेच खणतायत. मामांचं वय बहात्तर. मी शटर ओढलं आणि निघालो. पोचलो तेव्हा मामा कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते आणि कुदळ त्यांच्या हातात नव्हती. ती होती घोलवडच्या चिकूवाडीत पेट्या भरणाऱ्या एकाच्या हातात. दुसरं लग्न केल्यापासून तो चर्चला फिरकला नव्हता. घमेलं उचलत होती एक निवृत्त नर्स. चर्चच्या गाण्याच्या मंडळात अपमान झाला म्हणून ती सात वर्षांपूर्वी निघून गेली होती. आणखीही कुणी कुणी होतं. कुणाच्या शेळ्या, कुणाची म्हैस, कुणाचं कुत्रं मामांच्या हाताखालून गेलेलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी बूट काढले आणि मामांना हात देऊन वर घेतलं. ते मातीवर बसले आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती कोंबड्यांची.

संध्याकाळी मार्थाला आणलं. लाहानू खरोखरच फाटकाबाहेर थांबला. मामा त्याच्यापाशी गेले. मला वाटलं आता तरी ते काही बोलतील, क्षमेबद्दल, देवाच्या दयेबद्दल. मामा म्हणाले, "लाहानू, खांद्याला एक माणूस कमी पडतंय." खांद्याला सहा जणं होती. लाहानूनं मोजलं की नाही कोण जाणे, पण तो आला. धागा बांधलेला हात त्यानं शवपेटीखाली घातला आणि फादरांनी प्रार्थना सुरू केली.

सचिव भिंतीशी उभे होते. हजेरीची सवय जाणार कुठे. प्रार्थना आटोपल्यावर ते मामांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या अकरातली नऊ आलीत." मामांनी त्यांच्याकडे गोंधळून बघितलं. आपल्याला कुणी यादी दिली होती, हे ते साफ विसरले होते. सचिवांनी मग खाली वाकून एक मूठ माती उचलली आणि खड्ड्यात टाकली. ठराव अजून रद्द झालेला नाही. फक्त तो कुठल्या फायलीत लावला ते आता सचिवांना आठवत नाही.

पुढच्या रविवारी नऊच्या नऊ आले असं लिहायला मला आवडलं असतं. आले तिघेच, आणि त्यातला एक मी. अजून माझं देवाशी फारसं बोलणं नाही. शेवटच्या बाकावर बसतो आणि वडिलांची आठवण काढतो. लाहानू मिस्सेला येत नाही. पण शनिवारी येऊन दोन्ही थडग्यांवरचं गवत काढतो, मार्थाच्याही आणि मामीच्याही, आणि दोघींना सारखीच फुलं वाहतो.

परवा मामांना घेऊन मी तिकडे गेलो होतो. हल्ली ते थकलेत, स्कूटर विकून टाकली आहे. दोन थडग्यांकडे बघत म्हणाले, "हिला एकटीला करमायचं नाही हो. बोलायला कुणीतरी झालं." फादरांनी त्यांना आता पलीकडच्या भिंतीजवळची जागा दिली आहे. ती बघू म्हणाले. मामीपासून तिथपर्यंत ते काठी टेकत, पावलं मोजत गेले. सतरा झाली. "फार नाही," ते मला म्हणाले. मग थोडा वेळ तिथे उभे राहिले, आणि उगाचच पुन्हा एकदा त्या बाजूनं मोजत आले.