पानाची थंड बाजू

मावशी गेल्याची बातमी घेऊन धाकटा भाऊ कॉलेजात आला, तेव्हा मी रशियनचा तास घेत होतो. त्याला आता महिना होत आला. मावशी म्हणजे माझी सावत्र आई, उमरेडच्या विणकरांची लेक. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, आणि मी तिला अखेरपर्यंत मावशीच म्हटलं...

नागपूरचा मे महिना काय असतो, सांगायला नको. उन्हातून आलो की ती दोन्ही हात रांजणात बुडवायची आणि माझ्या कपाळावर ठेवायची. "ऊन लागलं का गा बापू?" जीव कसा निवायचा!

सत्तरच्या सुमारास मी रशियन शिकू लागलो आणि मला शिंगं फुटली. एका झाडाचं नाव कळलं, मात्-इ-माचेखा. म्हणजे आई आणि सावत्र आई. पान खालून मऊ, गालाला लावलं तर उबदार, ती आई. वरून गुळगुळीत, थंडगार, ती सावत्र. पोलिश लोक त्याच पानाला नुसतं 'खालून पांढरं' म्हणतात, बिचारे सरळ. घरी पाहुण्यांसमोर मी हे रंगवून सांगितलं. सगळे हसले. मावशी पोळ्या लाटत होती.

"थंडी बाजू सावत्र काहून गा?" तिनं विचारलं.

"तिकडे बर्फ पडते ना वं मावशी!" म्हणत मी टाळी घेतली.

खरं तर आमच्या सरांनी पुढचंही सांगितलं होतं. 'माचेखा' हा शब्द 'मात्'मधूनच निघालाय. आपली सावत्र सवतीकडून आली, त्यांची आईकडून. पण तेवढं मी गिळलं. गंमत गेली असती ना!

त्यानंतर मावशी रांजणाकडे जाईना. मी आलो की हात पदराला पुसायची, एकमेकांवर खसाखसा चोळायची आणि मग कपाळाला लावायची. भर मे महिन्यात! "आता गरम हायेत ना?" मी हो म्हणायचो. लाज कशी वाटली नाही मला, देव जाणे.

शेवटच्या आजारात ती तापानं फणफणली होती. उन्हातून आलो तसाच मी तिच्या कपाळावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, आता तरी सांगावं, तो शब्द आईतूनच आलाय म्हणून... तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

"लय गरम हाय गा हात तुहा," ती म्हणाली, आणि चक्क कौतुकानं हसली. "आईवर गेला तू."

मी तो गरम हात तसाच तिच्या कपाळावर ठेवून बसलो. हात ओला करून आणावा, एवढंही सुचलं नाही मला.